तीन रुपये पगाराचा गोलंदाज : पालवणकर बाळू





या पानावर आपण दर वेळी एका थोर व्यक्तीची ओळख करून घेतो. आतापर्यंत संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ झाले. या वेळी मी एक क्रिकेटपटू निवडला आहे. त्याला कारण आपल्याच मैदानावर घडले.

आंतरशालेय सामन्यासाठी आपला संघ निवडायचा होता. रोज शाळा सुटल्यावर सराव चाले आणि मी व्हरांड्यातून पाहत असे. सातवीतला एक मुलगा नेटमध्ये मोठ्या मुलांना चेंडू टाकायचा. स्टंप रोवायचे, हरवलेला चेंडू शोधायचा, पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या, ही कामेही त्याचीच. त्याचा चेंडू असा वळायचा की नववी-दहावीची मुले चकायची. संघाची यादी माझ्याकडे सहीसाठी आली, तेव्हा तिच्यात या मुलाचे नाव नव्हते. कर्णधाराला बोलावून विचारले, तर तो अगदी सहजपणे म्हणाला की सर, तो फक्त नेटसाठी आहे, त्याच्याकडे पांढरे कपडे आणि बूट नाहीत.

उत्तर देणारा मुलगा वाईट नाही. आपण काही चुकीचे बोललो असे त्याला वाटलेच नाही. तेच मला लागले. त्या रात्री मला पालवणकर बाळू यांची आठवण झाली. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव कधी आले नाही. मी ते पुष्कळ उशिरा वाचले. आपल्या मुलांना तेवढा उशीर होऊ नये, म्हणून हा लेख.

बालपण आणि पहिली नोकरी

बाळू यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, रत्नागिरी जिल्ह्यातील. पालवण या गावावरून आडनाव पालवणकर पडले. जात चर्मकार. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानले जाई. विहीर, देऊळ, शाळा, सगळीकडे दार बंद. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आले. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅट आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हा खेळ शिकले. कोणी प्रशिक्षक नाही, कोणी वर्ग नाही. पाहायचे आणि करून बघायचे, एवढेच.

पुढे पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात बाळूंना काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. आपल्या देशात क्रिकेट सर्वांत आधी उचलले ते पारशी समाजाने. त्यांचा पहिला क्लब मुंबईत १८४८ मध्ये निघाला आणि १८८६ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला जाऊन आला होता. सुरतेत राहणाऱ्या आपल्याला पारशी समाजाच्या उद्यमशीलतेची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

थोड्याच काळात बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये. काम तेच, पण गोलंदाजीची संधी जास्त. बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकत. धाव छोटी, हालचाल सहज. टप्पा जिथे हवा तिथेच पडे आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळे. या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी होते. त्यांचे टोपणनाव जंगली ग्रेग. त्या काळचे ते भारतातील नामवंत युरोपियन फलंदाज. ग्रेगसाहेब इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. बाळूंनी त्यांना बाद केले की प्रत्येक वेळी ते आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते.

मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शेकडो तास या माणसाने साहेबांना चेंडू टाकले, पण हातात बॅट त्याला कोणी दिली नाही. फलंदाजी हा मोठ्या लोकांचा मान समजला जाई. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम. खुद्द इंग्लंडमध्येही पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक आणि हौसेने खेळणारे सद्गृहस्थ असा भेद होता. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत शिरण्याची दारेही वेगळी. हा भेद कागदोपत्री संपायला १९६२ साल उजाडावे लागले.

मैदानावर एक, चहाला वेगळे

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियन संघावर विजय मिळवायचा होता. शहरातील सर्वांत चांगला गोलंदाज कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण त्याला संघात घ्यावे की नाही, यावर सभासदांत दोन तट पडले. काही जण म्हणत की घ्यावे. काहींना ते धर्म बुडाल्यासारखे वाटे. शेवटी स्वतः ग्रेग यांनी वर्तमानपत्रातून मत दिले की असा गोलंदाज हातचा घालवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. बाळू संघात आले.

आले म्हणजे कसे आले? मैदानावर सारे एकाच चेंडूला हात लावत. त्यात कोणाला विटाळ वाटत नव्हता. चहाची वेळ झाली की सहकारी आत तंबूत बसत आणि बाळूंना बाहेर, एकदा वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. हातपाय धुवायला पाणी हवे असेल तर त्यांच्याच समाजातला एखादा गडी ते मैदानाच्या कोपऱ्यात आणून देई. ज्या हाताने संघाला सामने जिंकून दिले, त्या हाताचा पेला मात्र चालत नव्हता!

तरीही बाळू टाकत राहिले आणि संघ जिंकत राहिला. पुण्याचे युरोपियन हरले. पुढे संघ साताऱ्याला गेला. फिरकीचा प्रभाव पडू नये म्हणून तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला होता, असे सांगतात. तरी बाळूंनी सात गडी बाद केले. पुण्याला परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांना हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खायला-प्यायला काय हरकत आहे, असा न्यायमूर्तींच्या बोलण्याचा रोख होता. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केला.

मुंबई, रेल्वे आणि १९०६ चा सामना

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत प्लेगची साथ आली. १९९४ चा प्लेग ज्यांनी पाहिला, त्या सुरतकरांना ही साथ म्हणजे काय ते सांगायला नको. त्या धामधुमीत बाळू पुणे सोडून मुंबईला आले. काही काळ लष्कराच्या पलटणीत होते, नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी केली आणि रेल्वेच्या संघाकडून खेळले. ही आपल्या सुरतेवरून जाणारीच रेल्वे, मुलांनो. १९५१ मध्ये तिची पश्चिम रेल्वे झाली.

मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला होता. येथेही बाळूंना घेण्यास काही सभासदांचा विरोध झाला. कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांची समजूत घातली. हळूहळू वातावरण बदलले. मुंबईच्या हिंदू खेळाडूंनी बाळू आणि शिवराम यांच्याबरोबर एकत्र बसून जेवायला सुरुवात केली. पुण्यात जे जमले नाही ते येथे जमले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. जिंकायला युरोपियनांना २१२ धावा हव्या होत्या आणि ते १०२ वर सर्वबाद झाले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंची गोलंदाजी या विजयाचा मोठा आधार होती आणि शिवरामही संघात होते. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीचे दिवस होते ते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, याचा आनंद लोकांना किती झाला असेल, कल्पना करा. समाजसुधारणेची पाठराखण करणाऱ्या वर्तमानपत्रांनी आणखी एक गोष्ट टिपली. ज्या संघाने जातीची भिंत थोडी पाडली, तोच संघ जिंकला.

१९११ : इंग्लंड दौरा

सन १९११ मध्ये सर्व समाजांतील खेळाडूंचा मिळून पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. हा दौरा संघासाठी कठीण ठरला. २३ सामन्यांपैकी १५ हरले, ६ जिंकले. पण बाळूंनी पूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ गडी, आणि तो सामना आपण जिंकला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक ठोकले आणि संघ एका गड्याने जिंकला. बाळू त्या वेळी ३५ वर्षांचे होते.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते, असे नोंदले गेले आहे. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे ज्यांनी देशाची घटना घडवली, त्यांच्या तरुणपणी समाजाचा अभिमान वाटावा असा माणूस म्हणजे बाळू होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. मुंबईची स्पर्धा १९०७ मध्ये तिरंगी झाली. युरोपियन, पारशी आणि हिंदू. १९१२ पासून मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. हिंदू संघात बाळूंइतका अनुभव कोणाला नव्हता. साऱ्या कारकिर्दीत त्यांनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. तरी दर वर्षी कर्णधार निवडायची वेळ आली की दुसरेच नाव पुढे येई. चहाच्या तंबूत जागा मिळाली, पंगतीत मिळाली, पण संघापुढे चालण्याची जागा मिळाली नाही. आदेश देणारा चर्मकार आणि ऐकणारे उच्चवर्णीय, हे कल्पनेतही काहींना सोसत नव्हते. कर्णधार एम. डी. पै यांचा मोठेपणा असा की १९१३ मध्ये आपल्याच सत्कारात त्यांनी सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता.

१९२० मध्ये प्रकरण तापले. बाळूंना संघातून वगळले गेले आणि त्यांचे भाऊ विठ्ठल, जे त्या वेळी संघाचे आघाडीचे फलंदाज होते, त्यांनाही डावलून दुसऱ्याला कर्णधार केले गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढून कारण सांगितले. दया नको, आमच्या खेळाचा जो हक्क आहे तो द्या, असा त्याचा अर्थ होता. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. निवड समितीला माघार घ्यावी लागली. बाळू परत आले, उपकर्णधार म्हणून. सामना चालू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. तीन रुपयांवर रोलर ओढणारा मुलगा ४४ व्या वर्षी, काही वेळापुरता का होईना, कर्णधार झाला.

पूर्ण मान मिळाला तो धाकट्या भावाला. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव माझे क्रीडा-जीवन. चौघे भाऊ मोठे खेळाडू. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. थोरल्याने दार ढकलले, धाकटा आत गेला.

दूरच्या देशातील सारखी गोष्ट

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्या क्रिकेटसारखाच लोकप्रिय आहे. तेथे मोठ्या संघांतून कृष्णवर्णीय खेळाडूंना कित्येक दशके दूर ठेवले होते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ब्रुकलिनच्या संघातून खेळून ही भिंत पाडली. तेथे दुसराही अन्याय होता. एकदा संघाशी करार केला की खेळाडू कायमचा त्या संघमालकाचा. मालक वाटेल तेव्हा त्याला दुसऱ्या संघाला देई, पण खेळाडूला स्वतःचा संघ निवडता येत नसे. १९६९ मध्ये कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने अशी बदली नाकारली आणि न्यायालयात गेला. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला, त्याची कारकीर्दही संपली. पण १९७५ च्या अखेरीस लवादाने दोन खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला आणि करार संपल्यावर मोकळे होण्याचा हक्क खेळाडूंना मिळाला. आज आयपीएलच्या लिलावात कोट्यवधींचे आकडे आपली मुले तोंडपाठ म्हणतात. खेळाडूच्या कष्टाला मोल आहे, ही गोष्ट कोणीतरी आधी सोसून मिळवलेली असते.

बाळूंना कोणत्या कराराने बांधले नव्हते. ते पारशी क्लबातून युरोपियन क्लबात गेले, पुण्याहून मुंबईला गेले. पण जिथे गेले तिथे जात त्यांच्या आधी पोहोचलेली असे.

शेवटची वर्षे

निवृत्तीनंतर बाळू समाजकारणात आणि राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मार्ग वेगळे झाले होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकर यांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने मानपत्र लिहिले त्याच्याकडूनच ते हरले. दोघांनाही आपल्या समाजाचे भले हवे होते, वाट वेगळी दिसत होती. मोठ्या वर्गातील मुलांनी या विषयावर इतिहासाच्या तासाला जरूर चर्चा करावी. बाळू यांचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले.

आपल्यासाठी काय?

बाळूंना कोणी वापरले नाही असा एकही क्लब नव्हता. त्यांची गोलंदाजी सर्वांना हवी होती. माणूस म्हणून त्यांना जागा द्यायला मात्र प्रत्येक वेळी वर्षे लागली. एखाद्याचे कौशल्य घेणे आणि त्याला त्याचे स्थान देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळे जुने आहे, आता असे कोण करते, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. तो फक्त नेटसाठी आहे, हे वाक्य आपल्याच मैदानावर बोलले गेले.

तर पुढे काय झाले ते सांगतो. यादी मी परत पाठवली. क्रीडा शिक्षकांनी पुन्हा चाचणी घेतली, सर्वांसमोर, आणि तो मुलगा संघात आला. पांढरा शर्ट आणि बूट त्याला त्याच्या कर्णधारानेच मिळवून दिले, मी सांगितले नव्हते. सामन्यात त्याने दोन गडी बाद केले. सामना आपण हरलो. परतताना सगळ्यांनी एकत्र बसून वडापाव खाल्ला आणि हरल्याचे दुःख फार टिकले नाही.

विश्वस्त महोदयांकडे माझी विनंती आहे की पुढील वर्षापासून संघाचे कपडे, बूट आणि दोन बॅट शाळेच्या मालकीच्या असाव्यात. ज्याची बॅट त्याची पहिली पाळी, हा गल्लीतला कायदा शाळेत नको. पालकांना विनंती की मुलगा घरी आल्यावर किती धावा केल्या हे विचाराच, पण चेंडू कोण टाकत होते हेही विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कर्णधार झालात तर पाणी आणणाऱ्या मुलाचा चेंडू एकदा स्वतः खेळून पाहा.

आपला,
मुख्याध्यापक